सगळ्या शाळेला ठसका

आई, तुझ्या नातीचा हात मोडला. डावा, मनगटाच्या जरा वर. लगेच देवापुढे धावू नकोस. प्लास्टर घातलंय, हाड जागेवर आहे आणि बाईसाहेब आतल्या खोलीत पलंगावर लोळत उजव्या हाताने फोन खेळतायत. तिला तू पाहिलं नाहीस. तू गेलीस तेव्हा माझं लग्नसुद्धा व्हायचं होतं. पण पाहिलं असतंस तर लगेच ओळखलं असतंस, कारण चालताना ती तुझ्यासारखीच खांदे पुढे काढून चालते आणि समोरच्याने वाट दिली नाही तर तिला नवल वाटतं. कबड्डी खेळताना पडली. शाळेच्या मैदानावर चढाईला गेली, एका मुलीने घोटा धरला आणि ही हातावर आपटली. म्हणजे थेट माझीच गत. आठवीत माझाही हात असाच मोडला होता, फक्त माझा उजवा होता आणि माझ्या वेळी धावत यायला तू होतीस. आज रजा टाकून घरी बसलेय. जेवणं झालीत, सासूबाई आडव्या झाल्यात, आणि त्या जुन्या दिवसातली एक गोष्ट मला कळायला काल उजाडावं लागलं, ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तो दिवस बाजाराचा होता. तू सकाळीच पालीला गेली होतीस आणि आम्ही मधल्या सुट्टीनंतर नववीच्या मुलींशी खेळत होतो. आपल्या शाळेचं मैदान म्हणजे कातळावर पसरलेली बोटभर लाल माती. पडलं की माती नुसती नावाला, लागायचा तो कातळच. मला पकडलं ते दगडी गडग्यापलीकडच्या वाडीतल्या त्या उंच मुलीने. तिची आई तुला आठवत असेलच. नवरा टाकून गेलेला, स्वतःचं भाताचं एक कुणगं, आणि गावभर नाव कशाचं, तर वाईट नजरेचं. कुणाची गाय आटली की तिची नजर, कुणाचा फणस गळला की तिची नजर. आम्हा पोरांनासुद्धा सांगून ठेवलेलं, ती येताना दिसली की हातातला लाडू पाठीमागे धरायचा. आदल्याच दिवशी नळावर ती मला बघून हसली होती आणि म्हणाली होती, "काय पळते गो ही, वाराच जसा." झालं. माझा हात मोडला आणि तासाभरात ते वाक्य सगळ्या वाडीच्या तोंडी झालं.

मी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेय. खेळाच्या मास्तरांनी फूटपट्टी लावून हात रुमालाने बांधलाय. जीप आणायला कुणीतरी गेलंय आणि दुसरं कुणीतरी सायकल काढून पालीला तुझ्याकडे गेलंय. तोवर शेताभातातल्या, नळावरच्या सगळ्या बायका शाळेत जमल्या होत्या. त्या उंच मुलीला त्यांनी कोपऱ्यात घेतलेली. "मुद्दाम पाडलंन," एक म्हणते. "तिचा काय दोष, आईनंच काल नजर लावलान," दुसरी म्हणते. मुख्याध्यापक बिचारे भले गृहस्थ, पण चार बायका एकदम बोलायला लागल्या की ते चष्मा पुसायला घ्यायचे. ते चष्मा पुसत पुसत म्हणाले, की एवढी तक्रार असेल तर मुलीला संघातून कमी करू. ती मुलगी रडली नाही. ती माझ्या बांधलेल्या हाताकडे बघत होती. आणि तिची आई फाटकाबाहेर, गडग्याला हात टेकून उभी होती. आत यायची तिची छाती होत नव्हती.

मग तू आलीस. काखेला बाजाराची पिशवी, पदर खोचलेला, उन्हाने लाल झालेली. गर्दी तुला बघून बाजूला झाली. आधी माझा चेहरा बघितलास, अंगठ्याने गालावरची माती पुसलीस, मग हात बघितलास, बोटं हलव म्हणालीस, ती हलली. मग मास्तरांना विचारलंस, "जीप सांगितलीत?" ते हो म्हणाले. आईबापांनी अशा वेळी काय करावं याची व्याख्यानं मी आता शाळेत ऐकते, सतरंजीवर बसून, चहा-बिस्किटासकट. त्यात तुझ्यापेक्षा जास्त काही नसतं बघ. पहिला चेहरा, मग हात, मग मास्तर. भांडण सगळ्यात शेवटी. परवा शाळेतून फोन आला तेव्हा मी एसटी स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीत होते. खिडकी शेजारणीला दिली, स्कूटर काढली, आणि वाटेत तेवढंच घोकत गेले. चेहरा, हात, मास्तर. कामाला आलं.

पण तुझ्या त्या पुढच्या कारभाराबद्दल मी तुला कधीच माफ केलं नव्हतं. जीपची वाट बघत असताना वाडीतली थोरली काकू तुझ्या कानाशी लागली. कानाशी कसली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "बाजारातून आलंस ती बरी वेळेवर आलंस. तिचीच नजर हाय. फाटकात बघ, उभी हाय कशी. काढून टाक आधी, मग जा डॉक्टरकडं." तू फाटकाकडे बघितलंस. बराच वेळ बघितलंस. मग म्हणालीस, "असं म्हणतंस? मग काढूया की. आणि तिलापण बोलवा आत. लांब उभी राहून कशाला, जवळनंच बघू दे." मी मनात म्हटलं, मेले. माझा हात मोडलाय, सगळ्या शाळेसमोर, नववीच्या मुलांसमोर ही बाई आता माझी दृष्ट काढणार. आणि काढलीस! पिशवीतून नुकत्याच घेतलेल्या लवंगी मिरच्या काढल्यास, शिपाईमामांच्या चहाच्या चुलीतले निखारे घमेल्यातून मागवलेस, त्यांच्याकडूनच खडेमीठ घेतलंस, आणि माझ्यावरून मूठ ओवाळायला लागलीस. त्या उंच मुलीची आई मान खाली घालून तुझ्या शेजारी उभी. तुझी मूठ इतकी आवळलेली, की मनगटावरच्या शिरा वर आल्या होत्या. चेहरा असा, की मला वाटलं आता ही हिच्या कानाखाली देते.

मूठ निखाऱ्यावर सुटली आणि पुढे जे झालं ते मी गेली कित्येक वर्षं लग्नाकार्यांत रंगवून सांगत आलेय. पहिला ठसका मुख्याध्यापकांना. मग खेळाचे मास्तर. मग थोरली काकू अशी खोकायला लागली की तिची कवळी हातात आली. पाचवीचा वर्ग व्हरांड्याच्या टोकाला, तिथून पोरं खोकत बाहेर पळाली. शिपाईमामा घंटेखाली वाकून उभे. ती उंच मुलगी, तिची आई, मी, तू, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा. आणि त्या गदारोळात तू पदराने नाक धरून ओरडलीस, "बघितलात? ठसका लागला! सगळ्या शाळेला लागला! दृष्ट नाय. कुणाची नाय. पोर पडली. खेळात पोरं पडतात." दृष्ट असेल तर मिरची जळताना ठसका लागत नाही, आणि लागला तर दृष्ट नाही, हा कायदा त्या बायकांचाच. थोरल्या काकूनेच कितीदा तो आम्हाला शिकवलेला. ती खोकत खोकत म्हणाली, "व्हय गो, नाय दिसत." मुख्याध्यापकांनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि म्हणाले, मग मुलगी संघात राहील. त्यांना तरी दुसरं काय हवं होतं?

जीपमध्ये मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून फणफणत होते. "ठसका लागो नाहीतर न लागो, तिनं मुद्दाम पाडलंन मला," मी म्हटलं. तू म्हणालीस, "कबड्डीत मुद्दामच पाडतात. तू काय तिच्याकडं पाहुणी गेलेलीस?" एवढंच. वर म्हणालीस, "पाय आत घ्यायला शीक." माझ्या मोडक्या हातावर यापेक्षा गोड काही तुला सुचलं नव्हतं. आणि रत्नागिरीला दवाखान्यात पोचल्यावर माझा हात तपासत असताना तू कोपऱ्यातल्या नळाखाली स्वतःचा हात धरून उभी. मध्येच येऊन माझ्या केसावरून डावा हात फिरवायचीस आणि परत नळाकडे. नर्सबाईंनी विचारलं, "मोडलाय कुणाचा, मुलीचा की तुमचा?" तू हसलीस. तुझे डोळे लालबुंद होते. माझ्यासाठी रडतेयस, असं मी धरून चालले. ते सुख मी पुढे बरीच वर्षं जपलं. वरून कधी रागे भरायचीस तेव्हा मनात म्हणायचे, असू दे, त्या दिवशी नळाखाली रडली होती की नाही?

आता इकडचं ऐक. आमच्या काळात नळावरच्या बायका फोनमध्ये राहायला आल्यात. शाळेतल्या पालकांचा तिथे एक गट आहे आणि त्यात दिवसभर पंचायत भरलेली असते. परवा संध्याकाळी हॉस्पिटलातून घरी येऊन मी फोन बघते तर निकाल लागून गेलेला. "ती मुलगी जनावरासारखी खेळते." "आधी पण एकीला ढकलली होती." "बंदरावरची आहे ना, त्यांना काय वळण." लिहिणारे सगळे शिकलेले, आई. यातल्या एकीनेही आमच्या घरी फोन करून हात कसा आहे विचारलं नव्हतं. वर मुख्याध्यापिकांचा फोन, की जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी संघ कळवायचाय, पालकांचा फार रेटा आहे, पण दुखापत तुमच्या मुलीला झालीय, तेव्हा तुम्ही म्हणाल तसं करू. म्हणजे चष्मा पुसणं चालूच आहे, फक्त माणसं बदलली. माझ्या एका शब्दावर दुसऱ्याच्या पोरीचं खेळणं टांगलेलं. आमच्याकडचं विचारशील तर ह्यांची जयगडला बंदरावर पाळी, ते फोनवर म्हणाले, "सोडू नको हां, शाळेला लेखी दे." आणि जिचा हात मोडला ती म्हणते, "आई, पकड बरोबर होती. मीच पाय आत घेतला नाही. तिला काढलंत तर आम्ही पहिल्याच फेरीत घरी येऊ." मी तिला तुझं पाहुणीचं वाक्य ऐकवलं. खूप हसली. म्हणाली, आजी भारी होती.

मी त्या पोरीच्या बाजूची होते असं समजू नकोस हं. शेजारी लेक कण्हत असलेल्या बाईला न्यायबिय काही सुचत नाही. मुख्याध्यापिकांना मी म्हटलं, उद्या सांगते.

काल दुपारी दारावरची बेल वाजली. दारात ती मुलगी आणि तिची आई. डोक्यावरून ओढणी, हातात सुक्या सोड्यांची पिशवी. घरवाला बोटीवर असतो, म्हणाली, नाहीतर तोच आला असता. बसा म्हटलं तर सोफ्याच्या अगदी कडेला बसली. "ताई, माझ्या पोरीनं मुद्दाम नाय केलंन. कालपासून जेवली नाय ती. तुमी तिला दोन थपडा मारा, पण खेळातनं काढू नका." मुलगी दाराच्या चौकटीतच उभी. माझी लेक आतून प्लास्टर सांभाळत आली आणि तिला म्हणाली, "आत ये की, उभी काय?" तरी ती आली नाही. माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मी ओळखली. व्हरांड्यात माझ्या हाताकडे बघणारी ती उंच मुलगी अशीच बघत होती.

मी चहा टाकायला आत गेले, तर मागोमाग सासूबाई. सासूबाई आंजर्ल्याच्या, स्वभावाने तुझ्यासारख्याच, म्हणून आमचं पटतं आणि म्हणूनच कधीकधी पटत नाही. त्यांनी आवाज खाली आणला. "पोरगी बघितलंस कशी टक लावून बघते ती? परवा मैदानावर हिला अशीच बघत असणार. आपल्या पोरीचं कौतुक सगळीकडं चाललेलं ना. नजर हाय. त्या बसल्यात तोवर काढ, म्हणजे समोरासमोर कळेल." आणि डबा उघडून माझ्या हातात मिरच्या ठेवल्या. बेडगी. आमच्याकडे रोजच्या आमटीला बेडगीच असते, लालभडक, सुरकुतलेली. मी त्या हातात घेऊन ओट्याशी उभी राहिले. बाहेर ती बाई माझ्या लेकीला विचारत होती, दुखतं का गं फार?

बेडगीने रंग येतो, आई, ठसका येत नाही. हे तुला मी काय सांगायचं? अख्खी बेडगी तव्यावर टाकली आणि वर चिमणी चालू असली तर हॉलमध्ये कुणाला शिंकसुद्धा येणार नाही. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट होती. दृष्ट होती म्हणजे ती पोर आणि तिची आई. सासूबाई ते संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीत पोचवतील, आणि सोसायटीतून ते फोनमधल्या पंचायतीत जाईल. मी बेडगी डब्यात परत टाकली आणि वरच्या फळीवरची लवंगीची बरणी काढली. मूठभर घेतली. बाहेर जाऊन लेकीवरून ओवाळायला लागले आणि माझ्या लक्षात आलं, की माझी बोटं आपोआप आवळली जातायत. मुठीत मिरच्या कडकड मोडतायत, बिया सुटतायत, तळहाताला चरचर सुरू झालीय. आणि तिथेच, ओवाळता ओवाळता, मला तुझी ती मूठ दिसली. शिरा वर आलेली. दृष्टीच्या मिरच्या अख्ख्या टाकतात, आई. कुणी मोडत नाही. तू मोडल्या होत्यास. चांगल्या चुरल्या होत्यास. निखाऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच तू ठरवलं होतंस, की आज ठसका लागणार, सगळ्या शाळेला लागणार. तू त्या बाईला रागाने नव्हतं आत बोलावलंस. आणि दवाखान्यात तू नळाखाली हात धरून उभी होतीस ती मिरचीने. माझं इतक्या वर्षांचं सुख तू एका क्षणात काढून घेतलंस बघ. बदल्यात जे दिलंस ते मात्र त्याहून मोठं आहे.

तव्यावर मूठ सोडली. चिमणी बंद होती. सासूबाईंना पहिला ठसका, मग त्या बाईला, मग ती चौकटीतली मुलगी खोकत खोकत आत आलीच शेवटी, आणि माझी लेक प्लास्टरचा हात वर धरून खोकतेय आणि हसतेय, खोकतेय आणि हसतेय. शेजारच्यांनी दार वाजवलं, काय जळलं हो? मी डोळे पुसत म्हटलं, काही नाही, दृष्ट नव्हती एवढं कळलं. सासूबाईंनी खुर्ची धरून दम घेतला आणि त्या बाईला म्हणाल्या, "बसा नीट मागं सरकून. चहा घेऊन जा. पोरीला पोहे खायला घाल गं, कालपासून जेवली नाय म्हणते." त्या दोघी गेल्यावर मी मुख्याध्यापिकांना फोन केला, की ती मुलगी संघात राहील, आणि उद्या कुणी तक्रार केली तर माझा नंबर द्या. मग गटावर लिहिलं, की हात माझ्या मुलीचा मोडलाय, तेव्हा त्यावर बोलायचा पहिला मान माझा. पकड नियमात होती. ज्यांना अजून काळजी वाटते त्यांनी घरी यावं, हात बघावा, सोड्याची खिचडी खाऊन जावं. आमचे हे चिडले होते, रात्री सोडे खाऊन निवळले. अजून तरी पंचायतीतलं कुणी आलेलं नाही.

संध्याकाळी मी ओट्याशी भांडी विसळत होते, तर सासूबाई आल्या. खोबरेलाची वाटी माझ्या हाताशी सरकवली. "हाताला लाव. रात्रीपर्यंत चुरचुरेल ते," म्हणाल्या आणि दिवा लावायला निघून गेल्या. त्यांना हे कुठून ठाऊक, ते त्यांच्या आंजर्ल्यालाच ठाऊक. मला आपलं दुपारी वाटलं होतं, की ही युक्ती तुझी एकटीची. आता वाटतं, किती जणींच्या तळहातांची अशी आग झाली असेल आणि घरच्यांना वाटलं असेल, बाई रडतेय.

हे तुला पाठवायचं कुठं? मिरचीच्या फळीवर, लवंगीच्या बरणीखाली घडी करून ठेवीन. लेकीला पुढे कधी बरणी काढावी लागली तर सापडेल. फक्त एक गोष्ट राहिली, ती तुझ्यापुढे लपवत नाही. काल बेडगी हातात घेऊन मी ओट्याशी उभी होते म्हटलं ना, ती घटकाभर नव्हते उभी. चहा उतू जाईपर्यंत उभी होते. गॅसवर तवा तापत ठेवला होता आणि चिमणीचं बटणही दाबून झालं होतं. नको लागू दे ठसका, असंच वाटत होतं मला. माझ्या पोरीला कुणीतरी रडवलंय, तर कुणाचं तरी नाव निघू दे. तुलाही फाटकाकडे बघताना तेवढाच वेळ लागला होता, आई. बराच वेळ बघत होतीस तू. हात अजून चुरचुरतोय, म्हणून अक्षर असं आलंय.